ऐकण्याची रीत (लेखांक ७) : पुरी रेकॉर्ड कोन आयकते?

मागच्या लेखांकाच्या शेवटी वाचकांना एक काम सांगितलं होतं. १९७० ते १९७५ या काळातल्या, तुमच्या मते सर्वांत सरस अशा पाच रेकॉर्ड्स क्रमानं लिहून पाठवा. अमरावती आणि अकोल्याकडच्या याद्या वाचताना एक गोष्ट लगेच ध्यानात आली. मागितल्या होत्या रेकॉर्ड्स, आली गाणी. ‘अमर प्रेम’ पहिला, कारण त्यातलं किशोरकुमारचं नावेतलं गाणं. ‘बॉबी’ तिसरा, कारण त्यातलं नरेंद्र चंचलचं गाणं. एका अकोलेकरानं तर सरळच लिहिलं, “भाऊ, पुरी रेकॉर्ड कोन आयकते? आपल्याले जे गानं आवडलं ते आवडलं.”

या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्या काळी आपल्या भागात गाणं कुठून यायचं, हे आधी पाहावं लागेल.

घरात रेकॉर्ड प्लेअर असणारी माणसं मोजकीच. बाकीच्यांकडे रेडिओ, तोही पोस्टात लायसन्सचे पैसे भरून घेतलेला. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा, तरी अमीन सायानींचा ‘पायदान’ हा शब्द कानाआड होत नसे. गीतमाला सुरू झाली १९५२ साली. गाण्यांना पायऱ्या देण्याची पद्धत त्यानंतर दोन वर्षांनी आली. पायरी ठरायची दोन गोष्टींवर : दुकानांत रेकॉर्ड किती खपली आणि गावोगावच्या श्रोता संघांनी कौल कुणाला दिला. आपल्याकडेही असे संघ होते. पोस्टकार्डावर सगळ्या सभासदांची नावं दाटीवाटीनं लिहून पाठवण्यात पोरांच्या संध्याकाळी जात. म्हणजे क्रमवारी लावण्याचा नाद वऱ्हाडाला पन्नास वर्षांहून जुना आहे. फक्त ती क्रमवारी सुट्या गाण्याची होती.

दुसरं कारण तबकडीच्या आकारात आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं मावायचं. सत्तरचं दशक उजाडता उजाडता ती मागे पडली. तिच्या जागी लग्नाच्या मांडवात आणि गणपतीत लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत आली ती सात इंची ईपी, मिनिटाला ४५ फेऱ्यांची. तिच्यावर दोन्ही बाजू मिळून चार गाणी. चित्रपटात सहा-सात गाणी असली तरी कंपनीनं निवडलेली चारच मांडवापर्यंत पोचायची. बारा इंची एलपी, ३३⅓ फेऱ्यांची, दर बाजूला वीसएक मिनिटं वाजणारी, महाग होती. ती एखाद्या वकिलाच्या नाहीतर डॉक्टरांच्या दिवाणखान्यात दिसे. अख्खा चित्रपट बसायचा तो तिच्यावर.

आणि तिसरं, टॉकीज. अमरावतीत आजही पत्ता सांगताना श्याम चौक, चित्रा चौक, प्रभात चौक अशी टॉकीजवरून पडलेली नावं तोंडी येतात. अकोल्यात माणेक टॉकीज म्हटलं की रस्ता कळतो. गाणं पहिल्यांदा भेटायचं ते पडद्यावर, नटनटीच्या चेहऱ्यासकट. त्यामुळे यादीत ‘आराधना’नंतरच्या राजेश खन्नाला जे गुण मिळतात, त्यातले किती राहुलदेव बर्मनचे आणि किती त्या मान तिरपी करण्याचे, हे वेगळं काढणं अवघड जातं.

रेडिओवर गाणं एकेक करून आलं, ईपीवर चार-चार आली, पडद्यावर चेहऱ्यासोबत आली. अशा कानाला रेकॉर्ड सलग ऐकायची सवय लागणार कुठून? अकोलेकर वाचकाचा प्रश्न म्हणून रास्त आहे. पण त्याचं म्हणणं मला मान्य नाही.

कापसाची गाडी बाजारात लागली की व्यापारी वरचा पांढराशुभ्र थर पाहून बोली करत नाही. तो खोल हात घालतो आणि मधला, खालचा कापूस बाहेर ओढून बोटांनी धागा पाहतो. रेकॉर्डचं मोल तसंच, तिच्या सगळ्यांत कमी गाजलेल्या गाण्यावरून करावं.

‘अमर प्रेम’ला हीच कसोटी लावू. गाणी सहा. किशोरकुमारची तीन सगळ्या याद्यांत आहेत. लताबाईंची दोन आहेत, त्यांतलं ‘रैना बीती जाए’ जाणकारांच्या यादीत असतं. सहावं मात्र कुणीच लिहिलेलं नाही : ‘डोली में बिठाई के’. संगीत मुलाचं आणि आवाज बापाचा, सचिनदेव बर्मन यांचा. तो आवाज गोड नाही, घासलेला आहे. नावाड्यानं लांबून हाक मारावी तसा येतो. बाकीची पाच गाणी ज्या दुःखाभोवती फिरतात, त्या दुःखाची सुरुवात या गाण्यात आहे. ते वगळलं तर ‘अमर प्रेम’ म्हणजे चांगल्या गाण्यांचा संच उरतो. ते धरलं तर रेकॉर्ड होते.

आता ‘पाकीजा’. यावर अमरावतीकरांत दोन तट आहेत. एका पत्रातलं वाक्य असं : “पाकीजा सत्तरचा नाहीच बाप्पा, साठचा आहे.” या म्हणण्यात दम आहे. चित्रपट लागला फेब्रुवारी १९७२ मध्ये, पण संगीतकार गुलाम मोहम्मद मार्च १९६८ मध्येच वारले होते. गाणी त्याआधीची, पुढचं पार्श्वसंगीत नौशाद यांनी पुरं केलं. ३१ मार्च १९७२ ला मीनाकुमारीही गेली. तेव्हा या रेकॉर्डला कोणत्या काळात धरायचं? माझं मत असं की श्रोत्याच्या हातात रेकॉर्ड ज्या वर्षी पडली, ते तिचं वर्ष. गीतमालेच्या वार्षिक यादीतही हाच घोळ असे. ‘रोटी कपडा और मकान’ लागला ऑक्टोबर १९७४ मध्ये आणि त्यातलं महागाईचं गाणं सरताज, म्हणजे वर्षातलं अव्वल गाणं, ठरलं १९७५ चं, कारण हिशेब वर्षभराच्या गुणांचा होता. १९७७ साली एचएमव्हीनं ‘पाकीजा’ची न वापरलेली गाणी ‘पाकीजा रंग बरंग’ या नावानं काढली. ती मात्र या यादीत धरू नयेत. ती वेगळी रेकॉर्ड आहे.

‘पाकीजा’तही गाणी सहाच आणि सहाही लताबाईंची; एका गाण्यात साथीला रफी. चार गाणी मैफिलीतली, दोन मोकळ्या हवेतली. सलग ऐकलं की हा भेद कानाला स्पष्ट जाणवतो. मैफिलीतल्या गाण्यांत आवाजाला भिंती आहेत, तबला अंगाशी आहे, सारंगी ओळीच्या शेवटी लगटते. ‘मौसम है आशिकाना’ सुरू झालं की त्या भिंती नाहीशा होतात. ‘चलते चलते’च्या शेवटाकडे आगगाडीची शिटी येते. बडनेरा नाहीतर मूर्तिजापूर ठेसनाजवळ वाढलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. पडदा समोर नसतानाही ती शिटी पुढची गोष्ट सांगून जाते. इथे संगीतकारानं चित्रपट कानात भरून ठेवला आहे.

‘पाकीजा’वरून झालेला सगळ्यांत मोठा वाद आपल्या चौकातला नाही, मुंबईतला आहे. १९७३ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत संगीताचा मान शंकर-जयकिशन यांच्या ‘बेईमान’ला मिळाला. त्याच चित्रपटासाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. तो त्यांनी नाकारला. संगीताचा पुरस्कार ‘पाकीजा’चा होता, असं त्यांचं म्हणणं. आपल्याच चित्रपटाच्या विरोधात जाऊन, हयात नसलेल्या संगीतकारासाठी एका नटानं हातातला मान सोडला. त्याच १९७२ साली गीतमालेचा सरताज होतं ‘दम मारो दम’. ते गाणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. आशाबाईंनी त्यात जे केलं ते कुणाला जमलं नसतं. पण एका गाण्याचा शिखर-क्रमांक आणि एका रेकॉर्डची उंची या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, हे त्या एका वर्षात जितकं उघड दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या वर्षात दिसत नाही.

‘बॉबी’बद्दल थोडक्यात : लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी जोरदार बांधलेली, पण प्रत्येक गाणं आपापलं नशीब घेऊन आलेली रेकॉर्ड. माझ्या पाचांत ती नाही.

परदेशात हीच वर्षं अख्ख्या रेकॉर्डची होती. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ ची. तिची गाणी एकमेकांत मिसळून जातात, मधून एखादं उचलून वाजवलं तर तुटल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत ती १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे होती. अशी एकसंध रेकॉर्ड आपल्याकडे कधी झालीच नाही, असं काही वाचक लिहितात. ते चूक आहे. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ साली ‘शिवकल्याण राजा’ आली. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, गायन लताबाईंचं, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचं. समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या शतकांतल्या कवींना एका सूत्रात ओवलेलं. चित्रपट नाही, नट नाही, फक्त ऐकण्यासाठी केलेलं काम. तरी ती आलेल्या याद्यांत जवळपास नाहीच. एका अमरावतीकर बाईंनी तेवढी लिहिली आहे, आणि शेजारी कंसात ‘दोन्ही बाजू’ असं.

राहिला ‘अभिमान’, १९७३ चा. पैज लावून भांडावं अशी ही रेकॉर्ड आहे. सचिनदेव बर्मन त्या वेळी सदुसष्टीला टेकलेले. दोन वर्षांनी ते गेले. गाणी सात, मजरूह यांची. नायक एकच, आवाज तीन : किशोरकुमार, रफी आणि मनहर उधास. या सात गाण्यांत नायिकेचा आवाज मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत लताबाईंचाच. बायको नवऱ्यापेक्षा सरस गाते, ही चित्रपटाची गोष्ट. आवाजांच्या वाटपातच ती येऊन गेली आहे. नायकाचा गळा बदलत राहतो, तिचा ठाम राहतो. बर्मनदादांनी हे ठरवून केलं की होऊन गेलं, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण ‘पिया बिना’पर्यंत येता येता वाद्यं किती कमी झालेली असतात ते जरूर ऐका.

तेव्हा माझा क्रम असा : ‘पाकीजा’, ‘अभिमान’, ‘शिवकल्याण राजा’, ‘अमर प्रेम’. पाचवी जागा रिकामी ठेवतो आहे. राम कदम यांचं ‘पिंजरा’ आणि मदनमोहन यांचं ‘हँसते जख्म’ या दोघांत माझं मन अजून ठरत नाही. ज्यांना यांपैकी एकाची बाजू घ्यायची आहे, त्यांनी त्यातलं सर्वांत कमी गाजलेलं गाणं कोणतं आणि ते का चांगलं, एवढंच लिहावं. गाजलेल्यांबद्दल काही लिहू नये.