डोंगरउतारावरील वस्त्या आणि दरडींचे व्यवस्थापन : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

दि. १९ जुलै २०२१ रोजी कळवा पूर्वेतील घोलाईनगर येथे घरावर दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. तीनच दिवसांनी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. दरडीचा प्रश्न केवळ दुर्गम खेड्यांचा नसून महानगरालगतच्या वस्त्यांचाही आहे, हे या घटनांवरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप व त्याच्या व्यवस्थापनाचा विचार केला आहे.

धोक्याचे स्वरूप

आल्प्स व हिमालयाच्या अतिउंच भागात खडकांच्या भेगांतील कायम गोठलेले बर्फ कडे सांधून ठेवते. तापमानवाढीमुळे ते वितळू लागले की कडे अस्थिर होतात. ठाणे परिसरातील टेकड्यांवर हेच कार्य पावसाचे पाणी करते. येथील बेसॉल्ट खडकावर झिजेतून निर्माण झालेला माती-मुरुमाचा थर असतो. सततच्या मुसळधार पावसात तो पाण्याने संपृक्त होतो. त्याचे वजन वाढते, कणांमधील पाण्याचा दाब वाढून घर्षण घटते आणि थर खाली घसरतो. पारसिक व मुंब्र्याचे डोंगर, तसेच कल्याणमधील कचोरे, नेतिवली येथील टेकड्यांवर दाट वस्ती आहे. घरासाठी उतार कापणे, झाडे तोडणे व सांडपाणी उतारातच मुरू देणे यांमुळे धोका अधिक वाढतो.

व्यवस्थापनाचे टप्पे

पहिला टप्पा धोका ओळखण्याचा. जमिनीला वा भिंतींना नव्या भेगा पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, दारे अडकणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे ही लक्षणे रहिवाशांनाच प्रथम दिसतात. केवळ सरकारी यादीवर विसंबता येत नाही. दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते.

दुसरा टप्पा स्थलांतराचा. स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन गाव मे २०२५ मध्ये डोंगराच्या हालचाली पाहून रिकामे करण्यात आले. सुमारे नऊ दिवसांनी हिमनदी कोसळून बहुतांश गाव गाडले गेले, परंतु सुमारे तीनशे रहिवासी बचावले होते. ठाणे-कल्याण परिसरात पावसाळ्यापूर्वी नोटिसा बजावल्या जातात. तथापि घर सोडल्यास त्यावरील हक्क जाईल, रोजगार व मुलांची शाळा दुरावेल, या भीतीने कुटुंबे हलत नाहीत. अनधिकृत ठरलेल्या घराच्या बाबतीत ही भीती निराधार म्हणता येत नाही.

तिसरा टप्पा पुनर्वसनाचा. दि. ३० जुलै २०१४ रोजी माळीण (जि. पुणे) येथे १५१ जणांचा बळी गेल्यानंतर नवे गाव वसविण्यात आले. परंतु २०१७ च्या पहिल्याच पावसात तेथील रस्ते व भराव खचले. नव्या जागेची भूवैज्ञानिक तपासणी व पाण्याचा निचरा यांना घरबांधणीइतकेच महत्त्व आहे, हा त्याचा अर्थ होय.

निष्कर्ष

दरड रोखणे सर्वत्र शक्य नाही. मनुष्यहानी मात्र टाळता येते. त्यासाठी रहिवाशांच्या निरीक्षणाला प्रशासकीय यंत्रणेत स्थान हवे आणि नोटिशीसोबत पर्यायी निवारा व परतीची किंवा पुनर्वसनाची लेखी हमी हवी. अशा हमीवाचून दिलेली नोटीस जबाबदारी रहिवाशांवर ढकलते. त्यांचा जीव वाचवत नाही.