परतीच्या वाटेवरचा बिघाड

हौसेने बांधून घेतलेल्या मोटारसायकलीचा दिवा मंद झाला की मालक आधी बॅटरी बदलतो, मग बल्ब, मग रेग्युलेटर. एवढे करूनही दिवा मंदच राहतो. इंडिकेटर लावला की मीटरमधला दिवाही त्याच तालात लुकलुकतो, ब्रेक दाबला की हॉर्नचा आवाज बसतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते आणि ते बदललेल्या एकाही वस्तूत नसते. वीज बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत ठीक पोचते. अडते ती परत येताना.

दिव्याकडे जाणारी तार सगळ्यांना दिसते. परतीचा प्रवास मात्र बराचसा चासीच्या आणि इंजिनच्या धातूतून होतो आणि तिथून एक जाड तार बॅटरीच्या ऋण टोकाला जाते. मेस्त्री तिला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. परतीसाठी वेगळी तार न ओढण्याची ही युक्ती बराकपूरच्या लोकांना परकी वाटू नये. ज्या हुगळीच्या काठावर हे छावणीचे गाव वसले आहे, त्याच नदीने एकदा तारेचे काम केले होते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ साली शहराजवळ तारायंत्राचे प्रयोग केले आणि मंडल पुरे करण्यासाठी तारेऐवजी हुगळीचे पाणी वापरून पाहिले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारायंत्राची वाट सुरू झाली, तीही त्याच्याच देखरेखीखाली.

नदीत वीज शिरायला आडकाठी नव्हती. कस्टम गाडीच्या चासीत ती असते, आणि ती आपणच घालतो. गाडी उघडली की चासी पावडर कोटिंगला जाते. भट्टीत भाजलेला तो प्लास्टिकचा थर दिसायला देखणा, गंजाला दाद न देणारा आणि विजेचा उत्तम रोधक असतो. त्यावर अर्थचा बोल्ट कितीही आवळा, तारेच्या टोकाचा लग बसतो रंगावर. धातूला स्पर्श होतो तो फक्त बोल्टच्या आट्यांचा, तोही जिथे रंग खरवडला गेला असेल तिथे. इंजिन रबरी बुशांवर बसवलेले असेल तर त्याचाही चासीशी विजेचा संबंध तुटतो. अशा गाडीचे स्टार्टर बटन दाबले की ऐंशी-शंभर अँपिअरचा प्रवाह जी सापडेल ती वाट धरतो. कधी ती वाट क्लच केबलची असते. बारीक पोलादी दोऱ्यांची केबल एवढ्या प्रवाहाने तापते, तिचे आवरण वितळते, आणि क्लच का अडकतो म्हणून मालक वेगळ्याच मेस्त्रीकडे जातो. ज्या गाडीची केबल विनाकारण गरम लागते, तिचा अर्थ आधी तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता थोडा हिशेब करू, कारण इथे ओमच्या नियमाइतके उपयोगी हत्यार दुसरे नाही. ६० वॉटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. परतीच्या वाटेवर एखाद्या गंजक्या जोडाचा रोध फक्त पाव ओम असला, तरी तिथे एक व्होल्टाहून अधिक दाब खर्ची पडतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झाले की हॅलोजनचा प्रकाश मात्र तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, कारण तापलेल्या तंतूचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनच्या घाताने बदलतो. गमावलेली वीज नाहीशी होत नाही. त्या जोडात सुमारे पाच वॉट उष्णता सतत निर्माण होते. बंदिस्त प्लास्टिकच्या कपलरमध्ये तेवढी ऊब आवरण पिवळे पाडायला पुरते. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना कायम पेटलेला असतो, म्हणजे असा जोड दिवसाही तापत राहतो. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांवर तर हाच जोड चौपट भारी पडतो: त्याच वॉटसाठी प्रवाह दुप्पट, आणि गमावलेला दाब मुळातल्या अर्ध्या व्होल्टेजमधून वजा होतो.

असा जोड शोधताना मल्टिमीटरची ‘बीप’ हमखास फसवते. कंटिन्युइटी तपासताना मीटर तारेतून अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. वीस धाग्यांच्या तारेतला एकच धागा शाबूत असेल तरी तो बीप देतो, आणि दिव्याच्या पाच अँपिअरला तोच धागा अपुरा पडतो. म्हणून मोजायचे ते काम चालू असताना. दिवा पेटवा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक दिव्याच्या अर्थच्या पिनेला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण खांबाला लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर परतीची वाट मोकळी आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर बॅटरीकडचे टोक एकेक पाऊल मागे आणा: आधी तारेच्या लगावर, मग चासीवर रंग नसलेल्या जागी, मग दिव्याजवळच्या बोल्टवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम खाली येतो, त्यांच्यामध्ये बिघाड आहे. यात एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. मला ही चाचणी विज्ञानाच्या शुद्ध पद्धतीचा नमुना वाटते, आणि ती प्रत्येक गॅरेजमध्ये शिकवली जावी असे मनापासून वाटते.

वाईट जोडाचे हे भौतिकशास्त्र कलकत्त्यातच फार आधी गांभीर्याने अभ्यासले गेले. दोन धातू एकमेकांना टेकले तरी खरा स्पर्श सूक्ष्म टोकांवर होतो आणि मध्ये ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असला की प्रवाह व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाहत नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच अपुऱ्या स्पर्शांपासून विद्युतचुंबकीय लहरी ओळखणारी उपकरणे बनवली. त्यांपैकी लोखंड आणि पाऱ्याचा कोहिअरर १८९९ चा. जुन्या मोटारींचे भाग जिथे मिळतात तो मल्लिक बाजार पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोडच्या चौकात आहे, याचा मला आनंद वाटतो. तिथून आणलेली जुनी वायरिंग किट बसवण्याआधी तिचे प्रत्येक टोक सोलून पाहावे.

सोलल्यावर आत काय दिसेल? कोरड्या मुलखात चकचकीत तांबे, गंगाकाठच्या गावात बहुधा काळपट धागे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बराकपूरची हवा पाण्याने जड असते. उघड्या टोकातून ओलावा केशाकर्षणाने धाग्यांच्या फटींतून आवरणाखाली बराच आत जातो. आपल्या घरातल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, तशीच ही तारही आतून कळकते: आधी काळा ऑक्साइड, मग हिरवट क्षार. त्या थरावर सोल्डर धरत नाही. भांड्यांवरचा आपला उपाय इथेही लागू पडतो. कथिलाची कल्हई केलेली तांब्याची तार मिळते, ती नावा-जहाजांत वापरतात, आणि दमट गावातल्या मोटारसायकलीला तीच घ्यावी.

जोड कसा करावा यावर मेस्त्रींमध्ये वाद आहेत. माझे मत क्रिंपच्या बाजूचे आहे. योग्य मापाच्या पक्कडीने दाबलेला लग धागे इतके घट्ट आवळतो की आत हवाही शिरत नाही. सोल्डर धाग्यांत वर चढते आणि जिथे संपते तिथे मऊ तार एकदम ताठ होते. एक सिलिंडरच्या इंजिनची धडधड तिथेच तिला मोडते. सोल्डर करायचेच तर त्या जागेपुढे तार क्लिपने बांधून घ्यावी आणि आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवावी. नुसती काळी टेप पावसाळ्यापुढे टिकत नाही.

एलईडी इंडिकेटर बसवले की ते भराभर लुकलुकतात, हे बऱ्याच जणांनी पाहिले असेल. जुना फ्लॅशर दिव्याच्या प्रवाहाने तापणाऱ्या पट्टीवर किंवा प्रवाह मोजणाऱ्या मंडलावर चालतो. प्रवाह घटला की त्याला बल्ब गेला असे वाटते. एलईडीसाठीचा फ्लॅशर घातला की हा प्रश्न सुटतो. दुसरा घोटाळा मीटरमधल्या एकाच बाणदिव्याचा. तो दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो, आणि एलईडीला थोडासा प्रवाह पुरत असल्याने डावा इंडिकेटर लावला की त्या दिव्यातून वीज उजवीकडे पोचून चारही दिवे पेटतात. दोन डायोड ती उलटी वाट बंद करतात.

रेग्युलेटर सीटखाली लपवण्याची फॅशन मला पटत नाही. बहुतेक मोटारसायकलींचा रेग्युलेटर जास्तीची वीज शॉर्ट करून जिरवतो, त्यात तो स्वतः तापतो, म्हणून त्याला वारा लागतो. चार्जिंग तपासायला इंजिन थोडे वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात का ते पाहावे. एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत आणखी सावध राहावे लागते. तिथले अनेक सेन्सर पाच व्होल्टवर काम करतात, अर्थमध्ये तीन दशांश व्होल्ट चुकला तरी संगणकाला खोटे माप मिळते आणि इंजिन विनाकारण अडखळते.

दुरुस्ती झाली की त्याच दिवशी कागदावर नकाशा काढावा: तारांचे रंग, फ्यूजचे आकडे, रंग खरवडून बनवलेल्या अर्थच्या जागा, आणि तिथे दिवा पेटलेला असताना मोजलेले व्होल्ट. कागद प्लास्टिकमध्ये बंद करून सीटखाली ठेवावा. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागा पुन्हा मोजल्या की कुठला जोड कळकायला लागला आहे, ते दिवा मंद होण्याआधीच आकड्यांत दिसते.