कॅप्शनर स्लाइड्स मागतो, तेव्हा

परदेशातल्या परिषदेत बोलणार असाल, तर स्टेनो कॅप्शनर बहुतेक आधी स्लाइड्स मागेल. द्या! त्याच्या मशीनवर अक्षरांच्या जेमतेम 22 कळा. पेटीवर सूर धरावेत तशा एकदम दाबल्या की अख्खा उच्चार उमटतो. डाव्या हाताला सुरुवातीची व्यंजनं, अंगठ्यांना स्वर, उजव्याला शेवटची. अमेरिकेतल्या आरपीआर परीक्षेत मिनिटाला 225 शब्दांचा टप्पा असतो, म्हणजे वेगाचं टेन्शन तुम्ही घेऊ नका. अडतं ते ‘मायटोकॉन्ड्रिया’पाशी. तुकड्या-तुकड्याने लिहीत बसलं, की पुढचं वाक्य निसटतं. म्हणून अशा शब्दांना एकाच दाबाची खूण ठरवून ती आधीच शब्दकोशात भरतात. तुमचं मराठी आडनाव तिथे नसेल, तर सॉफ्टवेअर त्याचे भलतेच इंग्रजी शब्द करतं. आणि समोर बसलेला कर्णबधिर संशोधक तेच वाचतो.