सूतिकेचा श्वास : दौर्बल्य की हृद्‌विकार?

प्रसूतीनंतर दहाबारा दिवसांनी बाळंतिणीस घेऊन तिची आई चिकित्सालयात येते. मुलीस चार पायऱ्या चढताच धाप लागते, पायांवर सूज आहे, रात्री उताणे निजवत नाही, असे सांगते. "बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, काही शक्तीचे द्या," एवढीच तिची अपेक्षा असते. आपणही धातुक्षय व वातप्रकोप गृहीत धरून दशमूलारिष्ट किंवा बाळंतकाढा लिहून देतो. पुष्कळदा त्याने लाभही होतो. परंतु ज्या थोड्या स्त्रियांत या लक्षणांचे मूळ हृदयात असते, त्यांच्या बाबतीत असे गेलेले चार दिवस जिवावर बेततात.

गर्भिणीच्या हृदयावरील भार

रसवह स्रोतसांचे मूल हृदय व दश धमन्या, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. गर्भिणीस 'दौहृदिनी' म्हणताना माता व गर्भ यांची हृदये रसवाहिनींनी जोडलेली असतात, हा विचार संहितांनी मांडला. आधुनिक शारीरक्रियाविज्ञानाने या भाराचे मापन केले आहे. गर्भारपणात रक्तातील द्रवांश सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडीची गती १० ते २० ठोक्यांनी चढते. प्रसूती होताच गर्भाशय आकुंचन पावते व त्यातील रक्त मातेच्या अभिसरणात परत येते. त्या घटकांत हृदयावरील भार विशेष वाढतो.

निरोगी हृदय हे सहन करते. मात्र बालपणी आमवातिक ज्वर होऊन ज्या स्त्रीच्या हृदयातील द्विदल झडप अरुंद झाली आहे, तिला हा भार पेलत नाही. अनेक स्त्रियांचा हा विकार प्रथम गर्भारपणातच उघडकीस येतो. पांडुतेमुळेही धाप लागते हे खरे. परंतु पांडुता सापडली म्हणून हृद्‌विकार नाही, असे ठरत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

प्रसूतीने धोका संपत नाही

गर्भधारणेच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आढळणे, त्यासह मूत्रातून प्रथिने जाणे अथवा यकृत, वृक्क आदी अवयव बाधित होणे, यास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. वार पडल्यावर हा विकार लगेच शमतो, असा समज आहे. वस्तुतः प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो आणि तोवर बहुतेक स्त्रिया घरी परतलेल्या असतात. झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. हृदयाच्या स्नायूची दुर्बलता गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत उद्भवू शकते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभवही पहिल्या सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो. सूतिकाकाल दीड मासाचा मानण्यामागील सावधगिरी येथे लक्षात यावी.

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. नऊ महिन्यांच्या तपासणीचे कागद सासरी राहतात, तर सूतिका माहेरच्या वैद्यापुढे येते. पूर्वीचा रक्तदाब किती होता, कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे कोणासच नीट ठाऊक नसते. म्हणून पहिल्या भेटीतच कागद मागवावेत, किमान दूरध्वनीवरून चौकशी करावी.

औषधयोजनेतील विवेक

यष्टिमधु हे गर्भिणीसाठी परंपरेने वापरले जाणारे द्रव्य आहे. परंतु त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात लवण व जल साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. शोथ किंवा उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीस ते मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ देऊ नये. सर्पगंधेची कथा याहून वेगळी आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला आणि रक्तदाबावरील या भारतीय वनस्पतीची पाश्चात्त्य जगास ओळख झाली. तथापि तिच्यातील रेसर्पिन गर्भापर्यंत पोचते व स्तन्यातूनही जाते. यास्तव गर्भिणी व सूतिका यांना सर्पगंधा वर्ज्यच मानावी. अर्जुन क्षीरपाक हा तातडीच्या उपचारास पर्याय नव्हे.

रुग्णालयाने दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या 'दुधातून बाळाला जातील' या भीतीने कुटुंबीय बंद करतात. स्तनपानास बाधा न आणणारी औषधे उपलब्ध आहेत. ती परस्पर थांबवू नयेत, हे आपण स्पष्ट सांगितले पाहिजे.

करावयाचे काय?

प्रत्येक गर्भिणी व सूतिकेची नाडी पाहताना रक्तदाबही मोजावा. रुग्णेस पाच मिनिटे बसवून, दंड हृदयाच्या पातळीस ठेवून मापन करावे. १४०/९० आढळल्यास पुन्हा मोजून त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. १६०/११० किंवा अधिक असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे. तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, आमाशयप्रदेशी वेदना, उताणे निजल्यावर धाप, रात्री गुदमरून जाग येणे, छातीत दुखणे, मूर्च्छा, एकाच पायास सूज, यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे. अशा वेळी मापन सामान्य असले तरी वाट पाहू नये.

औषधी दुकानदारांचे स्थान येथे फार महत्त्वाचे आहे. बाळंतकाढ्याची बाटली मागणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : बाळंतिणीस धाप लागते काय? गर्भारपणी रक्तदाब होता काय? डोके फार दुखते काय? उत्तर होकारार्थी आल्यास बाटली देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. एक विक्री लांबेल; पण दुकानावरील विश्वास दृढ होईल.

ज्या स्त्रीस गर्भारपणी उच्च रक्तदाब झाला, तिला पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब व हृद्रोग होण्याचा संभव इतर स्त्रियांहून अधिक असतो. तिची नोंद ठेवून तीन महिन्यांनी व पुढे दरवर्षी तिचा रक्तदाब पाहावा. आहार, विहार, व्यायाम व रसायनचिकित्सा यांचे खरे क्षेत्र हेच आहे. तीव्र अवस्थेत योग्य ठिकाणी वेळेवर पाठवणे आणि त्यानंतर वर्षानुवर्षे सांभाळणे, ही दोन्ही कर्तव्ये वैद्याचीच आहेत.