दवाखान्यातला सांधेवाला

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरच्या चांदूर रेल्वेत सांधेवाल्याचे काम समजावून सांगावे लागत नाही. सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते, आणि सांधा चुकला तर अनर्थ होतो. आजच्या दवाखान्यातही असा एक सांधेवाला भिंतीवरच्या छोट्या पेटीत बसलेला असतो. त्याचे नाव नेटवर्क स्विच.

केसपेपर काढणारा संगणक, प्रयोगशाळेतले यंत्र, डिजिटल एक्स-रे आणि 'ई-संजीवनी'वर तज्ज्ञांचा सल्ला मिळवून देणारा संगणक, या सगळ्यांच्या तारा याच पेटीत येतात. नवीन स्विच खोक्यातून काढून तसाच जोडला, तर साधारणपणे सगळी यंत्रे एकाच जाळ्यात येतात. म्हणजे क्षयाचा रुग्ण, बाळंतीण आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण एकाच वॉर्डात ठेवल्यासारखे! एका संगणकात व्हायरस शिरला की शेजाऱ्यांकडे जायला त्याला वाट मोकळी.

यावर उपाय वेगळ्या वॉर्डांचाच आहे. तंत्रज्ञ लॅपटॉप जोडतो आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करतो. सिस्कोच्या स्विचवर 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटले की बदलाची परवानगी मिळते. 'व्हीलॅन 20' म्हटले की नवा वॉर्ड तयार होतो. मग प्रयोगशाळेची तार ज्या पोर्टला लावली आहे तो निवडून 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन 20' म्हटले की ते यंत्र त्या वॉर्डात दाखल होते. या वॉर्डातून त्या वॉर्डात कोणी जायचे, याचे नियम राउटर किंवा फायरवॉलवर वेगळे लिहावे लागतात. दार बसवले, पण पहारेकरी नेमला नाही, तर उपयोग नाही.

ही काळजी अनाठायी नाही. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला. नोंदणी, दाखले, बिले, सारे काम पुढचे बरेच दिवस कागदावर चालले. पाच सर्व्हर बाधित झाले होते. जाळ्याची योग्य विभागणी नसल्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव करता आला, असे सरकारने संसदेत सांगितले. देशातल्या सर्वात नामांकित रुग्णालयाची ही गत, तर लहान दवाखान्याने निश्चिंत राहून कसे चालेल?

आज्ञा देताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. टाइप केलेली आज्ञा लगेच लागू होते, पण ती यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहते. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा दिल्यावरच ती कायमच्या स्मृतीत उतरते. ती राहून गेली आणि उन्हाळ्यात दुपारी लाईन गेली, की पेटी पुन्हा सुरू होताना नवे बदल विसरलेली असते. सकाळी व्यवस्थित चालणारे यंत्र संध्याकाळी का बोलत नाही, हे मग कोणाला उमगत नाही.

याच विसराळूपणाचा जाणकार फायदाही करून घेतात. दूर बसून धोक्याचा बदल करायचा असेल, तर आधी 'रीलोड इन 10' ही आज्ञा देतात. चुकीच्या आज्ञेने संपर्कच तुटला, तर दहा मिनिटांनी यंत्र स्वतः बंद होऊन जुन्या, जतन केलेल्या व्यवस्थेवर परत येते. सगळे ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' म्हणायचे आणि मगच जतन करायचे. औषधाचा पहिला डोस देऊन रुग्णावर नजर ठेवावी, तसेच हे.

दवाखाना सरकारी असो वा खासगी, तिथल्या प्रमुखाने या आज्ञा पाठ करायची गरज नाही. तंत्रज्ञाला चार प्रश्न मात्र जरूर विचारावेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला का? यंत्रांची जाळी वेगळी केली का? बदल जतन केले का? आणि सगळ्या व्यवस्थेची एक प्रत यंत्राबाहेर सुरक्षित ठेवली आहे का? बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना ही उत्तरे शोधत बसायला वेळ नसतो.