भेकमासा

बॅट्राकॉयडिडी या मत्स्यकुलातील अस्थिमत्स्यांना भेकमासे म्हणता येईल. कुलाचे नाव ‘बॅट्राकोस’ (बेडूक) या ग्रीक शब्दावरून आले आहे. रुंद चपटे डोके, माथ्यावर आलेले डोळे आणि भला मोठा जबडा पाहता ते सार्थ वाटते. याच्या ऐंशीहून अधिक जाती असून बहुतेक उष्ण व समशीतोष्ण समुद्रांत किनाऱ्यालगत तळाशी राहतात. दक्षिण अमेरिकेत काही जाती नद्यांतही आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील मांजरा, तेरणा व सीना या नद्यांत मात्र भेकमासा नाही. दख्खनच्या नद्यांत तळाशी राहणारी वाम अगदी निराळ्या कुलातील आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणाऱ्या जातीचे वर्णन व्हालांसिएन यांनी १८३७ मध्ये केले. तिचे आजचे शास्त्रीय नाव कॉलेटिइक्थिस डुसुमिएरी असे आहे.

शरीर पुढे जाड व शेपटीकडे निमुळते असते. त्वचा बुळबुळीत असून पुष्कळ जातींत तिच्यावर खवले नसतात. श्रोणिपक्ष अंसपक्षांच्याही पुढे, गळ्याखाली असतात. रंग चिखल-दगडांत मिसळून जाणारा असतो. चिखलात किंवा कपारीत निश्चल पडून राहावयाचे आणि जवळ आलेला खेकडा वा लहान मासा एकदम गिळावयाचा, ही याची रीत. विषारी काटे मात्र सर्वांना नसतात. अमेरिकेतील थॅलॅसोफ्रिनी उपकुलात ते पोकळ असून त्यांच्या बुडाशी विषग्रंथी असते.

एवढ्या सुस्त प्राण्याच्या अंगात पृष्ठवंशी प्राण्यांतील सर्वांत चपळ स्नायूंपैकी एक असावा, हे नवल होय. वाताशयाच्या दोन्ही बाजूंस असलेले ध्वनिस्नायू उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ऑप्सॅनस टाऊ या जातीत सेकंदाला सुमारे २०० वेळा आकुंचन पावतात व बोटीच्या भोंग्यासारखा आवाज निघतो. हीच जाती १९९८ मध्ये ‘न्यूरोलॅब’ मोहिमेत कोलंबिया यानातून अवकाशात नेली होती; अंतर्कर्ण व तोल यांचा अभ्यास हा त्यामागील हेतू होता.

भोंगा वाजवितो तो नर, मादीला बोलाविण्यासाठी. मादी दगडाच्या, शिंपल्याच्या, प्रसंगी टाकून दिलेल्या डब्याच्याही आतील बाजूस मोठी अंडी चिकटविते व निघून जाते. पुढील काम नराचे. तो पंख हालवून अंड्यांवर ताजे पाणी खेळवितो व शत्रूंना हुसकावतो. मरळीसारखे पिलांना राखणारे मासे महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यातही आहेत. पण भेकमाशाची पिले अंड्यातून बाहेर आल्यावरही पीतक संपेपर्यंत काही आठवडे जागेलाच चिकटून असतात आणि नर ते घरटे सोडीत नाही.