पाच घरे, पत्ता एकच

घर बदलणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टेम्पो येतो, दोरीने बांधलेल्या गाद्या येतात, दारात उभ्या राहिलेल्या शेजारणी येतात. परंतु असेही घर बदलणे असते की, ज्याला टेम्पो लागत नाही, ज्यात शेजार सुटत नाही आणि जे गावात कोणाला कळतही नाही. निवासी शाळांच्या आवारात राहणाऱ्या स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी यांच्या कुटुंबांचे घर बदलणे हे असे असते. आपल्या समाजातील कितीतरी माणसे या नोकऱ्यांत आहेत. मुलांच्या शिक्षणाविषयी आपण पुष्कळ लिहितो. त्या मुलांना जेवू घालणाऱ्यांच्या घराविषयी फारसे लिहीत नाही.

मराठवाड्यातील एका निवासी शाळेत आमच्या नात्यातले एक कुटुंब राहते. भाऊ तेथे २००७ सालापासून स्वयंपाकी आहेत. वहिनी मदतनीस. त्यांचे नाव रोजंदारीच्या वहीत आहे, पण काम पहाटे साडेचारला सुरू होते आणि रात्रीची शेवटची परात घासून होईपर्यंत संपत नाही. दीडशे मुलांचा स्वयंपाक असतो. आवारातच राहायचे, ही भाऊंच्या नोकरीची अट. गेल्या वर्षी या कुटुंबाने आवारातल्या आवारात चौथ्यांदा बिऱ्हाड हलवले.

पहिले घर म्हणजे धान्याच्या कोठीमागची खोली. पोत्यांतले किडे अंथरुणात येत. पुढे पहारेकरी नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याची फाटकाजवळची खोली मिळाली आणि खोलीबरोबर रात्री फाटक उघडण्याचे कामही भाऊंच्या गळ्यात पडले. तिसरे घर मात्र चांगले होते. नव्या इमारतीत दोन खोल्या, वर स्लॅब. तेथे सहा वर्षे गेली. वहिनींनी पदरचे पैसे घालून मोरीला फरशी बसवली, ओटा बांधून घेतला, मागच्या बाजूला शेवगा लावला. मग शाळेत मुलींची संख्या वाढली आणि त्या खोल्या मुलींच्या वसतिगृहाला गेल्या. या कुटुंबाला जुन्या वर्गाची खोली मधे पार्टिशन घालून देण्यात आली. आता ती खोली संगणकांसाठी हवी झाली, म्हणून बिऱ्हाड पंपाच्या खोलीशेजारी आले आहे. रात्री मोटार सुरू झाली की भिंत थरथरते.

यातले एकही कारण खोटे नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलींना खोल्या हव्याच होत्या, आणि आपल्या मुलांनी संगणक शिकू नये असे कोण म्हणेल? परंतु चार वेळांत एकदाही वहिनींना कोणी विचारले नाही. "येत्या रविवारी करून घ्या," एवढाच निरोप शिपायाकडून येई. ओट्याचे आणि फरशीचे पैसे तर कोणाच्या हिशेबातच आले नाहीत.

लोक म्हणतात, दोनशे पावलांवर तर जायचे, त्यात काय एवढे? मी हे वहिनींना बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, टेम्पोत सामान झाकून जातं. आमचं उघड्यावर जातं." मागच्या वेळी भर सत्रात घर हलवावे लागले. त्यांची मुलगी त्याच शाळेत नववीला. मधल्या सुट्टीत दीडशे मुलांच्या देखत घरातल्या गोधड्या, टोपल्या, बापाचे ठिगळाचे पांघरूण हातोहात नेले गेले. पोरीने दोन दिवस वर्गात मान वर केली नाही. गरिबी ही लाजेची गोष्ट नाही, असे आपण मोठी माणसे म्हणतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला ते कळायला वेळ लागतो आणि तो वेळ तिला कोणी देत नाही.

घरात पहिल्यांदा तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर जाते, मग त्रिशरण-पंचशील होते, मग चूल. हा रिवाज पाचही घरांत चुकला नाही. या नव्या खोलीत भिंतीला खिळा मारू नये अशी सूचना आहे, म्हणून तसबिरी सध्या पेटीवर भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. रोज सकाळी पेटी उघडायची तर आधी त्या उचलून बाजूला ठेवाव्या लागतात.

गंमत अशी की, कागदावर या कुटुंबाने एकदाही घर बदललेले नाही. शाळेचे नाव, मुक्काम, पोस्ट. रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, मतदारयादीत एकच पत्ता. आणि भाऊंनी साठ वर्षे पूर्ण केली की तोही संपणार. त्याला आता दोनच वर्षे उरली आहेत.

वसतिगृहांचा इतिहास आपल्याला अभिमानाचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू केले. या इतिहासात बाई कोठे दिसते? कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले. माता रमाई धारवाडला वराळे यांच्याकडे राहायला गेल्या असता वसतिगृहातील मुले उपाशी आहेत हे पाहून त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या माऊल्यांपुढे आपण नतमस्तक आहोत. म्हणून आजच्या बाईनेही बांगड्या काढून देतच राहावे का? माझ्या मते मुळीच नाही. तिला रोजंदारी वेळेवर मिळावी, घर हलवण्याआधी महिनाभर सूचना मिळावी आणि तिने केलेल्या बांधकामाचे पैसे मिळावेत. यात उपकार काही नाही.

खुद्द बाबासाहेबांचे कुटुंबही किती ठिकाणी फिरले! महू, दापोली, सातारा, मुंबईची डबक चाळ, मग परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या. स्वतःचे राजगृह झाले ते वयाची चाळिशी ओलांडल्यावर, आणि रमाई १९३५ साली गेल्या. हक्काच्या घरात त्यांना फार दिवस लाभले नाहीत.

आता व्यवहाराचे बोलू. क्वार्टर आहे म्हणून घरभाडे भत्ता मिळत नाही, आणि क्वार्टर आहे म्हणून स्वतःचे घर बांधायचे राहून जाते. त्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांच्या वाट्याला जुनी पेन्शन थेट आली नाही. तेव्हा निवृत्तीच्या वर्षी धावपळ करण्याऐवजी जागेचे आधी पाहावे. ज्यांचे उत्पन्न मर्यादेत बसते आणि नावावर जागा किंवा कच्चे घर आहे, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. अर्जाआधी ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढून नाव तपासावे. आणि भगिनींनो, त्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लागते. ते लावून घ्यायला संकोच करू नका.

भाऊंना हे पटायला वेळ लागला. "गावात वडिलांची जागा आहे की," असे ते म्हणत. पण त्या जागेत तीन भावांचे वाटे, आणि धाकट्याने तेथे आधीच पत्रे टाकलेले. शेवटी वहिनींनी भिशीचे पैसे पुढे ठेवले, भाऊंनी फंडातून काढले आणि शाळेपासून चार किलोमीटरवर एक गुंठा जागा घेतली. नोंद दोघांच्या नावे झाली. भाऊंचा पगार उत्पन्नाच्या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे घरकुल मिळणार नाही. बांधकाम कर्ज काढूनच करावे लागेल. पाण्याची सोय अजून नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या बोअरचे पाणी मिळेल का, ते विचारायला वहिनी गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन जाऊन आल्या. त्याने दिवाळीनंतर सांगतो म्हटले आहे.